राखीव जागेच्या अलीकडची वाट
विमुक्त व भटक्या जमातींतील विद्यार्थी आणि वैद्यकीय व्यवसाय

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या जागेपर्यंत विद्यार्थी कोणत्या वाटेने येतो आणि जे येत नाहीत ते वाटेत नेमके कोठे थांबतात, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्या वाटेचा विचार करावयाचा आहे. तो करताना युरोपातील रोमा समाजाच्या बाबतीत झालेल्या एका प्रयत्नाची तुलना ओघाने येईल.

अशा विचारासाठी एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असलेले बरे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर आहे. येथून एका बाजूस नांदेड, दुसऱ्या बाजूस पूर्णेमार्गे परभणी, आणि पूर्णेहून अकोल्याकडे फुटणाऱ्या मार्गाने हिंगोली. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली निघाले, परभणीचे २०२३ साली आणि हिंगोलीचे २०२४ साली. १९५६ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडेपर्यंत मराठवाड्यातील मुलास डॉक्टर व्हावयाचे तर बहुधा हैदराबादच गाठावे लागे. आज चुडाव्याच्या परिसरातील विद्यार्थ्यास तीन शासकीय महाविद्यालये रेल्वेच्या टप्प्यात आहेत. जागांची प्रादेशिक वाटणी करणारे ७०:३० चे सूत्रही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. तेव्हा अंतर हा आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही. तो राहिलेला नसल्यामुळेच बाकीचे अडथळे अधिक स्पष्ट दिसू लागले आहेत.

प्रथम जागांचा हिशेब पाहू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाल्यावर 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने २१ नोव्हेंबर १९६१ च्या निर्णयाने १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती यांची यादी निश्चित केली. सध्याच्या व्यवस्थेत या वर्गास एकंदर ११ टक्के आरक्षण आहे. त्यात विमुक्त जातींस म्हणजे 'अ' गटास ३ टक्के, मूळच्या भटक्या जमातींच्या 'ब' गटास २.५ टक्के, धनगरांच्या 'क' गटास ३.५ टक्के आणि वंजारींच्या 'ड' गटास २ टक्के अशी विभागणी आहे. शंभर जागांच्या शासकीय महाविद्यालयात १५ जागा अखिल भारतीय वाट्यास गेल्या म्हणजे राज्याकडे ८५ उरतात. त्यांचे ३ टक्के म्हणजे अडीच जागांहून किंचित अधिक. 'ब' गटाच्या वाट्यास दोनांहून थोडे अधिक. या अडीच जागांत बंजारा, वडार, कैकाडी, पाल पारधी, राज पारधी, बेरड, रामोशी, कंजारभाट इत्यादी चौदा जमातींनी वाटेकरी व्हावयाचे आहे. अखिल भारतीय जागांत विमुक्तांचा असा स्वतंत्र गट नाही. केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत ज्यांचे नाव आहे त्यांनी त्या विस्तीर्ण गटात स्पर्धा करावयाची असते.

याहून एक विसंगती विशेष विचारार्ह आहे. बंजारा वा लंबाडा समाज शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. निजामाच्या एकाच राज्यात नांदलेली आणि परस्परांत सोयरीक असलेली कुटुंबे केवळ राज्याची सीमा मध्ये आल्यामुळे तीन वेगवेगळ्या रकान्यांत गेली. या प्रश्नावरील राजकीय वादात येथे शिरावयाचे कारण नाही. या समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास व परभणीच्या कृषि विद्यापीठास त्यांचे नाव आहे. एका व्यक्तीने गाठलेले शिखर आणि तांड्यातील शाळकरी मुलीची स्थिती यांत किती अंतर असू शकते, याची कल्पना यावी म्हणून हा उल्लेख केला.

हे अंतर भरून काढण्याची निकड कोणती, असे कोणी विचारील. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. या स्त्रिया सर्वच विमुक्त-भटक्या जमातींतील नव्हत्या हे खरे; परंतु ऊसतोडीस जाणाऱ्यांत तांड्यांवरील कुटुंबांचा वाटा मोठा आहे आणि परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड-सोनपेठ भागातूनही अशा टोळ्या दरसाल बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्यामुळे खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढले जाते, आणि शेवटी ज्या डॉक्टरपुढे ती स्त्री बसते त्यास तिची बोली समजत नाही, तिचे जगणे माहीत नसते. चेकोस्लोव्हाकियात आणि पुढे चेक प्रजासत्ताकात रोमा स्त्रियांच्या संमतीवाचून वा फसव्या संमतीने नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना भरपाई देणारा कायदा २०२१ साली संमत झाला. दोन्ही प्रकार सारखे नाहीत. तेथे शासनाच्या धोरणाचा हात होता, येथे मजुरीच्या पद्धतीचा आणि खाजगी वैद्यकाचा. साम्य एवढेच की शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्या समाजातील स्त्री होती आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूस त्या समाजातील कोणीही नव्हते.

आता वाटेकडे वळू. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. शाळेच्या वर्षाचा गाभा नेमका तोच. मूल आईबापांबरोबर कारखान्यावर गेले तर वर्ष बुडते, गावी ठेवले तर म्हाताऱ्या आजीच्या हवाली असते, आणि मुलगी असेल तर धाकट्या भावंडांची आई होते. निवासी आश्रमशाळांनी या दुखण्यावर खरा उपाय केला आहे, आणि त्यांच्यावरील नित्याच्या टीकेत ही गोष्ट विसरली जाते. तथापि आश्रमशाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसेल, तर दहावीस उत्तम गुण मिळविलेली मुलगीही कला शाखेत जाते. वैद्यकीय मार्ग तिच्यापुरता तेथेच बंद होतो. परीक्षा वा आरक्षण यांचा प्रश्न तिच्यापर्यंत येतच नाही.

भाषेचे तीन उंबरठे आहेत. घरी गोरबोली किंवा वडारी वा कैकाडी. शाळेत प्रमाण मराठी. अकरावीस विज्ञान घेतल्याबरोबर इंग्रजी. २०१७ पासून प्रवेशपरीक्षा, म्हणजे 'नीट', मराठीतूनही देता येते. परंतु अकरावी-बारावीची पुस्तके आणि शिकवणीवर्ग इंग्रजीत असल्यामुळे या सवलतीचा लाभ घेणे म्हणजे वाचावयाचे एका भाषेत आणि उत्तर द्यावयाचे दुसऱ्या भाषेत, असा प्रकार होतो. लातूर आणि नांदेड ही शहरे या परीक्षेच्या शिकवणीची मोठी केंद्रे बनली आहेत. चुडाव्याहून नांदेडास मूल रोज जाऊन येऊ शकते, ही मोठीच अनुकूलता; पण शिकवणीचे शुल्क रेल्वेच्या पासासारखे स्वस्त नसते. शासनाने २०१९ साली स्थापिलेल्या 'महाज्योती' या संस्थेमार्फत इतर मागास, विमुक्त व भटक्या वर्गांतील विद्यार्थ्यांना टॅबलेट व इंटरनेटसह या परीक्षेचे मोफत प्रशिक्षण दिले जाते. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र टॅबलेट हाती आले तरी ते चालविण्यास शांत खोली, वीज आणि शंका विचारण्यास जवळचा माणूस लागतो, आणि या तीन गोष्टी पालात वा तांड्यात एकत्र मिळणे कठीण असते.

यापुढचा अडथळा कागदाचा. त्यावर अधिक थांबणे अवश्य आहे, कारण विद्यार्थ्याने अभ्यासाने ओलांडता येण्याजोगा तो नव्हे.

जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळते. पण व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्यावर जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र असावे लागते. ही व्यवस्था राज्याच्या २००० सालच्या अधिनियमाने घालून दिली. दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, आणि दावा खोटा ठरल्यास मिळालेला प्रवेशच काय, पदवीदेखील रद्द होऊ शकते. विमुक्त व भटक्या जमातींच्या अर्जदाराने आपले पूर्वज २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून या राज्याच्या क्षेत्रात होते आणि त्या जमातीचे होते, हे दाखवावयाचे असते. त्यासाठी वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, जमिनीची कागदपत्रे, मराठवाड्यात विशेषतः १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, अशा जुन्या नोंदी मागितल्या जातात.

येथे विरोध उघड होतो. ज्या समाजास कायद्याने 'भटका' म्हटले, त्याच्याकडून स्थिर वस्तीचा पुरावा अपेक्षिला जातो. ज्याचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरले, त्यांचे नाव कोणत्या शाळेच्या नोंदवहीत असणार? आणि जमीनच नव्हती तर खासऱ्यात नोंद कशाची? बंजारा समाज तांडे करून पुष्कळसा स्थिरावला आहे, त्यामुळे त्याची स्थिती काहीशी बरी. वैदू, नंदीवाले, मसणजोगी, घिसाडी अशा जमातींची अडचण फार मोठी आहे. शिवाय जेथे नोंद आहे तेथेही एकरूपता नाही. निजामी राजवटीतील दप्तर उर्दूत, गावकीच्या काही नोंदी मोडीत. एकाच कुटुंबात कोठे लमाणी, कोठे लंबाडा, कोठे बंजारा, तर कोठे 'वंजारा' असे लिहिलेले सापडते. शेवटच्या रूपामुळे वंजारी या वेगळ्या जमातीशी घोटाळा होऊन गटच बदलतो. राठोड हे आडनाव लगेच ओळखू येते. पण पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे बंजारांप्रमाणेच इतर अनेक समाजांत आहेत.

पडताळणी अनावश्यक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अडीच जागांतील एक जागा जरी खोट्या दाखल्याने गेली तरी नुकसान मोठे होते. अडचण आहे ती पुराव्याच्या स्वरूपाची आणि वेळेची. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास पुढच्या भावंडांचा मार्ग पुष्कळ सुकर होतो. याचा अर्थ असा की, घराण्यातील पहिल्या विद्यार्थ्यावर साऱ्या वंशावळीचा भार पडतो. आणि तो ज्या महिन्यांत पडतो, ते महिने बारावीचे आणि प्रवेशपरीक्षेचे असतात. बाप कारखान्यावर, मुलगा तहसील कचेरीत, आणि जीवशास्त्राचे पुस्तक घरी, अशी स्थिती होते. अकरावीत विज्ञानास प्रवेश घेतल्याबरोबर महाविद्यालयानेच अर्ज तयार करून घेतला आणि जुन्या उताऱ्यांचा शोध आपल्या अंगावर घेतला, तर या भाराचा मोठा अंश कमी होईल. यास नवा कायदा लागत नाही, खर्चही नगण्य आहे.

पुराव्याची ही सारी रचना पितृवंशावर उभी आहे, हेही ध्यानात घ्यावे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. कोल्हाटी समाजात, तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी ते जन्मले. वडिलांचे नाव त्यांना लाभले नाही आणि त्यांनी आईचेच नाव आपल्या नावात धारण केले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनामुळे ते महाराष्ट्रास परिचित झाले. २००७ साली अपघातात त्यांचा अंत झाला. या पुस्तकाचा विचार बहुधा साहित्याच्या अंगाने झाला आहे. भटक्या समाजातील मुलगा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत कसा पोचतो आणि तेथे कसा टिकतो, याचे साधन म्हणूनही ते वाचण्याजोगे आहे.

रोमांच्या प्रयत्नाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. रोमा भाषा भारतीय आर्य कुळातील आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, याविषयी भाषाशास्त्र व जनुकशास्त्र यांचे बव्हंशी एकमत आहे. ते बंजारांचेच सख्खे भाऊबंद होत, असे आपल्याकडे अनेकदा हौसेने सांगितले जाते. त्यास तितका पुरावा नाही. तुलनेसाठी रक्तसंबंधाची आवश्यकताही नाही, कारण भटक्यांविषयी स्थिर समाजाच्या मनात असलेला संशय दोन्हीकडे सारखाच आहे.

रुमानियात १९९० च्या दशकापासून विद्यापीठांत रोमा विद्यार्थ्यांसाठी जागा राखल्या जातात. उमेदवार रोमा आहे हे ठरविण्यास रोमांच्या एखाद्या मान्य संस्थेचे पत्र पुरते. आपल्या दृष्टीने ही सोय अविश्वसनीय वाटावी इतकी सोपी आहे. पण तेथे अडचण वेगळी आहे. रोमा म्हणून ओळख देण्याचीच विद्यार्थ्यास भीती वाटते. अनेकजण शिकून वर गेले म्हणजे आपले मूळ सांगत नाहीत. म्हणून २००८ च्या सुमारास रुमानियात आणि पुढे बल्गेरिया, सर्बिया व मॅसिडोनिया या देशांत ओपन सोसायटी फाउंडेशन्स व रोमा एज्युकेशन फंड यांच्या साहाय्याने जो रोमा आरोग्य शिष्यवृत्ती कार्यक्रम चालला, त्यात पैशाबरोबर आणखी काही देण्याची योजना होती. प्रत्येक विद्यार्थ्यास वैद्यकीय अध्यापकांपैकी एक मार्गदर्शक दिला जाई, आणि विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपल्या समाजाच्या आरोग्याविषयी उघडपणे बोलावे यासाठी त्यांची शिबिरे घेतली जात.

आपल्याकडे शुल्काची तरतूद त्यांच्याहून व्यापक आहे. विमुक्त-भटक्या विद्यार्थ्याचे शासकीय प्रक्रियेतून मिळालेल्या जागेचे शिक्षणशुल्क राज्य भरते. वसतिगृह न मिळाल्यास सावित्रीबाई फुले आधार योजनेतून निर्वाहाची रक्कम मिळू शकते. उणीव आहे ती मार्गदर्शकाची. पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात नापास झालेला तांड्यावरील विद्यार्थी कोणाकडे जातो? बहुधा कोणाकडेच जात नाही. घरी सांगावे तर 'डॉक्टर झाला' म्हणून तांड्याने आधीच मिरवणूक काढलेली असते. प्रत्येक महाविद्यालयात या वर्गाचे विद्यार्थी मोजकेच असल्याने त्यांच्यासाठी दोन अध्यापक नेमणे कोणत्याही संस्थेस जड जाऊ नये.

डॉक्टरीवर सगळे लक्ष केंद्रित झाल्यामुळे आरोग्यसेवेतील इतर पायऱ्या दुर्लक्षित राहतात. रुमानियात 'आरोग्य मध्यस्थ' ही योजना रोमानी क्रिस या संस्थेने १९९० च्या दशकात आरंभिली आणि २००२ साली तेथील शासनाने ती स्वीकारली. वस्तीतील रोमा स्त्रियाच डॉक्टर व वस्ती यांच्यामध्ये दुवा बनतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आपली 'आशा' कार्यकर्ती हिचे काम पुष्कळसे असेच आहे. परंतु सामान्यतः हजार लोकवस्तीस एक आशा, या प्रमाणामुळे लहान तांडा मूळ गावास जोडला जातो आणि आशा गावातील असते. तांड्यातील बाळंतिणीस ती परकी वाटली तर दोष कोणाचाच नाही. तांड्याची स्वतःची आशा नेमणे हे म्हणूनच पहिले पाऊल होय.

त्याही पुढे पाहावयास हवे. सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या, म्हणजे ए.एन.एम.च्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावी कोणत्याही शाखेची चालते. तीन वर्षांच्या जी.एन.एम.साठीही विज्ञान शाखेस केवळ प्राधान्य आहे. आश्रमशाळेतून कला शाखेने बारावी झालेल्या मुलीस, जिच्यापुरते वैद्यकीय महाविद्यालयाचे दार दहावीनंतरच लागले होते, हे दार उघडे आहे आणि बहुधा तिला कोणी सांगितलेले नसते. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेस पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, आणि त्या पात्रतेवर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागेसाठी प्रयत्न करता येतो. काही राज्यांनी आशांना परिचारिका प्रशिक्षणात अग्रक्रम दिला आहे. एका स्त्रीच्या आयुष्यात ही सारी चढण शक्य होईलच असे नाही. तिच्या मुलीला मात्र विज्ञान शाखा घेण्यासारखे घर मिळालेले असेल.

वैदू समाजाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न निराळ्याच अंगाने समोर येतो. झाडपाला विकणे, तुंबड्या लावणे हा ज्यांचा पिढीजात उद्योग, ज्यांच्या जमातीचे नावच वैद्यकावरून पडले, ते भटक्या जमातींच्या 'ब' गटात आहेत. शहरांत त्यांचा धंदा बसला आणि आधुनिक वैद्यकात त्यांना प्रवेश नाही. त्यांच्या औषधांची गुणवत्ता हा वेगळा विषय. त्यांच्यापाशी असलेली वनस्पतींची नावे आणि ओळख नोंदविण्याचे काम नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी घेण्याजोगे आहे, आणि त्या विद्यार्थ्यांत एखादा वैदू असेल तर ते अधिक चांगले होईल.

शासनाचे आयोग या प्रश्नावर बोललेले नाहीत असे नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर अहवाल दिले. २०२२ साली केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी 'सीड' ही योजना आखली, तीत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचाही समावेश होता. परंतु २०१४-१५ पासूनची केंद्राची डॉ. आंबेडकर शिष्यवृत्ती केवळ अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कोठेच नाव नसलेल्या विमुक्त-भटक्यांसाठी होती. ज्यांचे नाव केंद्राच्या इतर मागास यादीत गेले, ते विमुक्त असूनही तिच्या बाहेर राहिले.

आमच्यासारख्या विद्यापीठीय विभागाच्या हातात जागा नाहीत, शुल्कही नाही. एक काम मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करता येईल. चुडावा व आसपासच्या गावांतील जिल्हा परिषद शाळांत १९६१ पूर्वीच्या प्रवेश नोंदवह्या जेथे शिल्लक असतील, तेथे त्या पाहून विमुक्त-भटक्या जमातींची नावे कोणकोणत्या रूपांत लिहिली गेली आहेत, उर्दू नोंदीचे मराठीत उतरवून घेताना काय झाले आहे, आणि एकाच घराण्याची नावे दोन गावांच्या वह्यांत आली आहेत काय, याची सूची करावी. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे अद्याप आहेत, पण ती फार थोडी आहेत. एका तालुक्याची अशी सूची झाली तर ती पडताळणी समितीपुढे संदर्भ म्हणून ठेवता येईल; पूर्णा तालुक्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही.